डीएनए टेस्ट करावी का हो? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

मागच्या अंकात मी एका ओळीत लिहून गेलो होतो की घरी बसून थुंकी पाठवायच्या डीएनए टेस्टबद्दल पुन्हा कधीतरी बोलू, आणि तेवढ्यावर एवढी पत्रं आणि व्हॉट्सॲप आले की हा अख्खा अंक त्यालाच द्यावा लागला. आधीच सांगून ठेवतो, मी डॉक्टर नाही. लॅबमधला माणूस आहे, वीसेक वर्षं पॅथॉलॉजीत गेली, त्यातली शेवटची काही जेनेटिक टेस्टिंगला, त्यामुळे विकणाऱ्यांची बाजू जरा जवळून बघितलीय. पत्रं लिहिणाऱ्यांची नावं गाळलीयत.

प्रश्न: मी रिटायर्ड बँकवाला, पुणे. मुलगा न्यू जर्सीला असतो. २०१९ मध्ये आम्ही तिकडे गेलो तेव्हा त्याने सेलमध्ये चार किट आणली, 'ट्वेंटीथ्री अँड मी'ची. सगळ्यांनी नळीत थुंकून दिलं आणि महिना-दीड महिन्याने कळलं की आम्ही दक्षिण आशियाई आहोत! (हे मी फुकटात सांगितलं असतं.) आता ती कंपनी बुडाली म्हणतात. मग आमची थुंकी गेली कोणाकडे?

काका, कंपनी बुडाली आणि विकलीही गेली, पण ज्या बाईंनी काढली होती त्यांच्याच हातात परत गेली. नीट सांगतो, कारण या अख्ख्या धंद्याचं दुखणं या एका गोष्टीत कळतं.

२००६ मध्ये कॅलिफोर्नियात अ‍ॅन वोजिसकी आणि दोन साथीदारांनी ही कंपनी सुरू केली. आपल्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात, म्हणून ते नाव. २००७ मध्ये किट ९९९ डॉलरला होतं, २०१२ पर्यंत ९९ वर आलं आणि मग दिवाळीला ड्रायफ्रूटचा बॉक्स देतात तसं लोक ख्रिसमसला एकमेकांना किट द्यायला लागले. मध्ये नोव्हेंबर २०१३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने दम दिला की तुम्ही आजारांचे रिपोर्ट विकताय त्याला परवानगी कुठाय, ते बंद करा. २०१५ पासून थोडी थोडी परवानगी परत मिळत गेली. २०२१ मध्ये शेअर बाजारात उतरली तेव्हा किंमत साडेतीन अब्ज डॉलर धरली होती.

मग बुडाली कशी? आपल्याकडे पत्रिका करून घेतात ना, ती बाळ जन्मल्यावर एकदाच. ज्योतिषाचं पोट पत्रिकेवर भरत नाही, ते भरतं वर्षफळ, ग्रहशांती आणि खड्यांच्या अंगठ्यांवर. डीएनएचं डिट्टो तेच आहे, तो काही दरवर्षी बदलत नाही, एकदा थुंकलेला माणूस परत कशाला येईल? यांनी मग वर्षफळ विकून बघितलं म्हणजे दरवर्षी पैसे भरायची मेंबरशिप काढली, ऑनलाइन डॉक्टर आणि औषधं देणारी कंपनी विकत घेतली, लोकांच्या डेटावरून नवीन औषधं शोधायचा प्रयत्न केला (२०१८ मध्ये जीएसके या औषध कंपनीने त्यात ३० कोटी डॉलर घातले होते), पण कशातच नफा काही जमला नाही.

त्यात २०२३ मध्ये डेटा चोरीला गेला. चोरांनी पासवर्ड फोडले फक्त १४ हजार खात्यांचे, तेही लोकांनी दुसऱ्या साइटवर वापरलेलाच पासवर्ड इथेही ठेवला होता म्हणून. पण या साइटवर 'तुमचे नातेवाईक शोधा' अशी सोय होती, त्या वाटेने माहिती गेली जवळजवळ ६९ लाख लोकांची. चुलत-मावस सगळे एकमेकांना दिसत होते ना.

मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा दीड कोटी गिऱ्हाइकांचा डेटा हीच खरी मालमत्ता उरली होती. रिजेनेरॉन नावाच्या औषध कंपनीने २५.६ कोटी डॉलरची बोली लावली आणि शेवटी ३०.५ कोटीला घेतली टीटीएएम नावाच्या ना-नफा संस्थेने, जी वोजिसकीबाईंचीच. टीटीएएम म्हणजे काय तर 'ट्वेंटीथ्री अँड मी'चीच आद्याक्षरं, फार डोकं लावलेलं दिसत नाही.

आता तुम्ही काय करायचं. मुलाला सांगून प्रत्येकाच्या खात्यात लॉगिन करा, सेटिंगमध्ये डेटा डिलीट करायचा पर्याय आहे, थुंकीचा नमुना नष्ट करा असंही सांगता येतं आणि संशोधनाला दिलेली संमती काढून घेता येते. विक्रीच्या गडबडीत कॅलिफोर्नियाच्या अ‍ॅटर्नी जनरलने लोकांना हेच सांगितलं होतं आणि १९ लाख लोकांनी डिलीटची विनंती केलीसुद्धा. दोन गोष्टी मात्र परत येत नाहीत, जे आधीच संशोधनात वापरलं गेलं ते, आणि लॅबला कायद्याने काही रेकॉर्ड ठेवावं लागतं ते.

आणि एक गंमत म्हणा किंवा गोची म्हणा, तुम्ही तुमचं पुसलंत तरी मुलाचं तिथे असेल तर तुमचा निम्मा डीएनए तिथेच आहे! कॅलिफोर्नियात सत्तर-ऐंशीच्या दशकात खून आणि बलात्कार करून गायब झालेला जोसेफ डीअँजेलो २०१८ मध्ये सापडला तो असाच. त्याने कधी कुठे थुंकी दिली नव्हती, दूरच्या भावंडांनी वंशावळीच्या साइटवर टाकलेल्या डीएनएवरून पोलीस त्याच्यापर्यंत गेले. तो सापडला ते बरंच झालं, पण घरातला एक जण किट घेतो तेव्हा तो सगळ्या भावकीच्या वतीने सही करत असतो एवढं लक्षात ठेवा.

प्रश्न: आमच्या सोसायटीत गणपतीत हेल्थ कॅम्प होता. तिथे 'टॅलेंट डीएनए' असं पॅकेज होतं, मुलाने क्रिकेट खेळावं की स्विमिंग ते कळतं म्हणे. १२ हजार, त्याच दिवशी केलं तर ७. माझा मुलगा ९ वर्षांचा आहे. करू का? (डोंबिवली)

नको. त्या ७ हजारात चांगले बूट आणि सहा महिन्यांचं कोचिंग येईल.

यामागे थोडंसं खरं विज्ञान आहे, म्हणूनच तर विकलं जातं. एसीटीएन३ नावाचं एक जीन (म्हणजे जनुक) आहे, जोरात आकुंचन पावणाऱ्या स्नायूंमध्ये त्याचं प्रोटीन असतं आणि जगातल्या साधारण पाचातल्या एका माणसात ते बनतच नाही. मोठ्या धावपटूंमध्ये अशी माणसं कमी सापडतात, हे खरं. पण ज्यांच्यात ते बनतं अशी शेकडो कोटी माणसं आहेत आणि त्यातली बहुतेक लोकल पकडायला पळतात तेवढीच पळतात. २०१५ मध्ये क्रीडावैद्यकातल्या तज्ज्ञांनी एकत्र बसून स्पष्ट लिहिलंय की मुलांमधलं टॅलेंट ओळखायला या टेस्टचा काही उपयोग नाही.

खरं सांगायचं तर मी ज्या लॅबमध्ये होतो तिथेही असंच एक डाएट-डीएनएचं पॅकेज होतं. रिपोर्ट चांगला जाडजूड, रंगीत, आणि मी दोन शेजाऱ्यांचे रिपोर्ट शेजारी ठेवून बघितले तर नाव सोडून बहुतेक पानं सारखीच. दूध पचेल का हे जीनवरून बऱ्यापैकी कळतं हे खरंय, पण ते एक ग्लास दूध पिऊनही कळतं. (बोटांच्या ठशांवरून करिअर सांगणाऱ्या डीएमआयटीबद्दलही दोघांनी विचारलंय. त्यात तर डीएनएचा संबंधच नाही, त्याला उत्तर देत नाही.)

प्रश्न: वय ३४, सांगली. आजीला ओव्हरीचा कॅन्सर होता, मावशीला ४१ व्या वर्षी ब्रेस्ट कॅन्सर झाला, ती आता बरी आहे. मी घाबरून ऑनलाइन टेस्ट मागवली. रिपोर्टमध्ये बीआरसीए२ मध्ये 'व्हीयूएस' सापडलं असं आहे. कंपनीकडून एक फोन आला, पाच मिनिटं इंग्लिशमध्ये बोलले, काही कळलं नाही. ओळखीचे एक सर्जन म्हणाले काढूनच टाका. आई रोज रडते.

ताई, सगळ्यात आधी आईला सांगा की हा रिपोर्ट पॉझिटिव्ह नाही. निगेटिव्ह पण नाही, ते पुढे सांगतो, पण पॉझिटिव्ह नक्कीच नाही.

बीआरसीए२ हे एक जीन आहे, ते बिघडलं तर ब्रेस्ट आणि ओव्हरीच्या कॅन्सरचा धोका वाढतो. आणि व्हीयूएस म्हणजे त्यातला अर्थ न लागलेला बदल. असं समजा की हजारो पानांच्या पोथीत एका ठिकाणी वेगळं अक्षर सापडलंय. 'पाणी'चं 'पानी' झालं असेल तर अर्थ तोच राहतो, 'दिन'चं 'दीन' झालं तर सगळंच बदलतं, आणि तुमचं कुठलं आहे ते आज कोणालाच माहीत नाही. असे बदल पुढे अभ्यास झाला की बहुतेक वेळा निरुपद्रवी निघतात. त्याच्यावरून ऑपरेशन करायचं नसतं, हे मी माझ्या मनाचं सांगत नाहीये, जगभरातली मार्गदर्शक तत्त्वं हेच सांगतात.

आपल्याकडे हे अनिश्चित रिपोर्ट जास्त का येतात तर ताडून बघायचे डेटाबेस मुख्यतः युरोपियन वंशाच्या लोकांचे आहेत. तिकडे हजारदा बघितलेला बदल असेल तर लगेच कळतं की हा साधा आहे, आपल्या एखाद्या जातीत किंवा जमातीत पिढ्यानपिढ्या असलेला बदल तिथे कोणी बघितलेलाच नसतो. म्हणून सरकारने २०२० मध्ये जीनोम इंडिया सुरू केलं, देशभरातल्या १० हजार लोकांचा जीनोम (म्हणजे अख्खा डीएनए) वाचून काढला आणि जानेवारी २०२५ मध्ये तो डेटा संशोधकांना खुला केला. सुरुवात म्हणून चांगलं आहे, १४० कोटींच्या देशाला पुरणारं नाही.

दुसरं, टेस्ट आधी तुमची नाही, मावशीची करायला हवी होती. हे विकणारे सांगत नाहीत. ज्या बाईला कॅन्सर झालाय तिच्यात बिघाड सापडला तर मग नेमका तोच तुमच्यात आहे का बघायचं आणि उत्तर हो किंवा नाही असं स्वच्छ येतं. मावशीत काही सापडलंच नाही तर तुमच्या एकटीच्या निगेटिव्ह रिपोर्टलाही फारसा अर्थ नसतो. आणि हो, हा बिघाड वडिलांकडूनही येतो बरं का, लोक फक्त आईकडचं माहेर मोजतात. एकूण ब्रेस्ट कॅन्सरमध्ये आनुवंशिक असतात पाच-दहा टक्केच, पण बीआरसीए१ किंवा २ चा खरा बिघाड असेल तर आयुष्यभरातला धोका साठ टक्क्यांच्या वर जातो, म्हणून तुमच्या घराण्याची हिस्टरी हसण्यावारी न्यायची नाही. मुंबईत टाटा मेमोरियलला कॅन्सर जेनेटिक्सची क्लिनिक आहे. मावशीचे जुने कागद घेऊन तिच्यासकट जा आणि समजेपर्यंत मराठीत विचारा.

पूर्वी हीच टेस्ट अमेरिकेत तीन हजार डॉलरच्या वर होती, कारण मिरियड नावाच्या कंपनीकडे त्या जीन्सचं पेटंट होतं, म्हणजे तुमच्या-माझ्या शरीरातल्या जीनचं! जून २०१३ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की निसर्गातल्या जीनचं पेटंट घेता येत नाही. त्याच्या महिनाभर आधी हॉलिवूडची नटी अँजेलिना जोलीने याच टेस्टनंतर स्तन काढून टाकल्याच्या स्वतःच्या ऑपरेशनबद्दल जाहीर लिहिलं होतं, त्यामुळे गिऱ्हाईकही तयारच होतं. मग टेस्ट धडाधड स्वस्त झाल्या, पण रिपोर्ट समजावून सांगणारा माणूस काही त्या वेगाने तयार झाला नाही. तुम्हाला आलेला तो पाच मिनिटांचा फोन त्याचाच नमुना.

प्रश्न: १२ वा आठवडा सुरू आहे, वय २६, नाशिक. डबल मार्कर, सोनोग्राफी दोन्ही नॉर्मल. तरी एनआयपीटी (आईच्या रक्तावरून पोटातल्या बाळाची टेस्ट) करून घ्या, ९९ टक्के अचूक आहे असं लॅबवाले म्हणतात. सासूबाई विचारतात की त्यात 'ते'पण कळतं ना?

आईच्या रक्तात बाळाचा डीएनए तरंगत असतो हे हाँगकाँगच्या डेनिस लो यांनी १९९७ मध्ये दाखवलं आणि २०११ च्या सुमारास त्यावरून टेस्ट बाजारात आली. टेस्ट चांगली आहे, सुई पोटात न घालता डाऊन सिंड्रोमचा (बाळात एक गुणसूत्र जादा असण्याचा) अंदाज येतो. पण तो ९९ चा आकडा कसा वाचायचा ते बघा. तुमच्या वयाच्या एक लाख बायका धरल्या तर साधारण ८० बाळांना डाऊन असेल, टेस्ट ती जवळपास सगळी पकडेल. चूक हजारात एक धरली तरी एक लाखात शंभरेक निरोगी बाळांनाही पॉझिटिव्ह म्हणेल. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या १८० जणींपैकी निम्म्याहून जास्त बाळं ठीक असतील! चाळिशीतल्या बाईला हेच गणित एकदम वेगळं येतं, कारण तिथे मुळात धोकाच जास्त असतो. म्हणून पॉझिटिव्ह आलं तर अ‍ॅम्निओसेंटेसिस (पोटात सुई घालून गर्भजल तपासणं) करून खात्री केल्याशिवाय कोणताही निर्णय घ्यायचा नाही. तुमच्या बाकीच्या टेस्ट नॉर्मल आहेत तर घाई काहीच नाही, तुमच्या डॉक्टरांना विचारा, लॅबवाल्यांना नको.

सासूबाईंना सांगा की हो, मशीनला 'ते' कळतं, पण सांगणारा आणि विचारणारा दोघंही आत जाऊ शकतात. गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये आपल्या महाराष्ट्रानेच केला, १९९४ मध्ये तो देशभर आला, आणि विचारणाऱ्या नातेवाइकांनाही तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कोणी परदेशातल्या लॅबचा जुगाड सांगत असेल तर त्याचं ऐकू नका, तोही गुन्हाच.

प्रश्न: जेनेटिक टेस्ट केली आणि काही निघालं तर मेडिक्लेम नाकारतात का? (औरंगाबाद)

हृदयाचे स्नायू जाड होण्याच्या एका आजाराचा क्लेम कंपनीने 'आनुवंशिक आहे' म्हणून नाकारला होता, त्यावर दिल्ली हायकोर्टाने फेब्रुवारी २०१८ मध्ये सांगितलं की सरसकट सगळे आनुवंशिक आजार वगळणं हा भेदभाव आहे, आणि लगेच मार्चमध्ये विम्यावर देखरेख ठेवणाऱ्या आयआरडीएआयने विमा कंपन्यांना तसं कळवलं. एवढं आहे. पण अमेरिकेत २००८ पासून जसा असा भेदभाव रोखणारा वेगळा कायदा आहे (तोही आयुर्विम्याला लागू नाही), तसा आपल्याकडे नाही. फॉर्ममध्ये विचारलेलं लपवू नका, आणि पॉलिसी आधी, हौसेची टेस्ट नंतर, हा क्रम ठेवायला काय हरकत आहे?

प्रश्न: भाचा एमएस्सी बायोटेक झालाय, या लाइनमध्ये स्कोप आहे का?

आहे, पण तो म्हणतो तिथे नसेल. पहिला मानवी जीनोम वाचायला १९९० ते २००३ अशी तेरा वर्षं आणि तीनेक अब्ज डॉलर लागले, आज तेच काम हजार डॉलरच्या आत होतं. बंगळुरूची मेडजीनोम, हैदराबादची मॅपमायजीनोम २०१३ च्या आसपास उभ्या राहिल्या, स्ट्रँड लाइफ सायन्सेस तर २०२१ मध्ये रिलायन्सनेच घेतली, म्हणजे मोठा पैसा आलाय. पण बहुतेक मशीन बाहेरची, त्यात घालायची केमिकल बाहेरची, डॉलर वधारला की आमच्या लॅबमध्ये मॅनेजरचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. मशीन चालवायला माणसं कमीच लागतात आणि पुढे अजून कमी लागतील. तुटवडा आहे तो दोन जागी, निघालेल्या बदलाचा अर्थ लावणारे आणि तो पेशंटला त्याच्या भाषेत सांगणारे. सांगलीच्या ताईंचं पत्र त्याला वाचायला द्या, जेनेटिक काउन्सेलिंग शिकायचं का ते त्याचं त्यालाच कळेल.

प्रश्न: मी गडचिरोलीत आश्रमशाळेत शिक्षक आहे. एका विद्यार्थिनीच्या मोठ्या बहिणीला शिबिरात 'सिकलसेल वाहक' असं कार्ड मिळालं. तिने ते खरं खरं सांगितलं आणि ठरलेलं लग्न मोडलं. आता घरचे म्हणतात कार्ड फाडून टाक. काय सांगू?

सर, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. वरच्या सगळ्या टेस्टमध्ये सगळ्यात स्वस्त ही, रक्ताचा थेंब एका द्रावणात टाकून गढूळ होतं का बघायचं आणि झालं तर लॅबमधल्या मोठ्या टेस्टने (एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस) पक्कं करायचं, आणि उपयोग म्हणाल तर हिचाच सगळ्यात जास्त. यात कोणाला फार पैसा मिळत नाही म्हणून हिची जाहिरात तुम्हाला दिसणार नाही. सरकारने जुलै २०२३ पासून सात कोटी लोकांच्या तपासणीचं मिशन काढलंय, २०४७ पर्यंत आजार संपवायचं म्हणतात. तपासणी होतेय, पण कार्ड हातात दिल्यावर पुढे काय बोलायचं, ते शिबिराच्या टेबलावर कोणी सांगत नाही.

घरच्यांना सांगा की पोरगी आजारी नाही. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, आणि वाहक म्हणजे ज्याच्याकडे बिघडलेल्या जीनची एकच प्रत आहे असा माणूस. वाहक माणूस साधारण तुमच्या-आमच्यासारखाच जगतो, उलट जंगलातल्या मलेरियाशी झुंजायला या जीनची एक प्रत उपयोगीच पडली, म्हणून तर मलेरियाच्या मुलखात ती टिकली. नवरा आणि बायको दोघंही वाहक असतील तर मुलाला आजार होण्याची शक्यता असते, आणि ती प्रत्येक गरोदरपणात चारात एक. (चार मुलांपैकी एकालाच होणार असं बरेच जण समजतात, तसं नाही, दर वेळी नव्याने फासा पडतो.) होणाऱ्या नवऱ्याच्या टेस्टमध्ये सिकलसेल किंवा थॅलेसेमियाचं काहीच निघालं नाही तर एकाही मुलाला सिकलसेलचा आजार होणार नाही, फार तर काही मुलं वाहक होतील.

लग्न मोडणाऱ्यांना एवढंच विचारायला हवं होतं, तुमच्या मुलाची टेस्ट केलीत का? त्या भागात तोही वाहक असू शकतो आणि त्याला पत्ताच नसेल. कार्ड फाडलं तर पुढच्या ठिकाणी हा प्रश्न विचारायची सोयच जाईल. पुढचं स्थळ आलं की मुलाला टेस्टला घेऊन जा, शक्य झालं तर तुम्ही सोबत जा, शिक्षक बरोबर असला की लोक जरा ऐकतात. आणि दोघंही वाहक निघाले आणि तरी लग्न करायचंच असेल तर गरोदरपणात दहा-बारा आठवड्यांच्या सुमारास बाळाची तपासणी होऊ शकते, मोठ्या सरकारी हॉस्पिटलला आधीपासून विचारून ठेवायला सांगा.

प्रश्न: मुलीच्या आग्रहाने थुंकीचं किट भरून पाठवलं, लॅबने 'नमुना खराब' म्हणून परत मागवलं. माझ्यात काही मोठा दोष आहे का? (लातूर)

पत्राच्या कोपऱ्यावर कात-चुन्याचा डाग आहे, त्यावरून अंदाज सांगतो. नळीत थुंकायच्या आधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नसतं, पान-तंबाखू तर नाहीच. चूळ भरा, अर्धा तास कळ काढा आणि परत पाठवा.